व इतर

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी टीव्हीवर ती मालिका पुन्हा सुरू झाली. इथे जर्मनीत हे दरवर्षी ठरल्यासारखं होतं. दिवस आखडले, झाडांनी हात टेकले, बाहेर पडणं जिवावर यायला लागलं, की कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वीची ही ब्रिटिश गुन्हेगारी मालिका बाहेर काढतं आणि तिला जर्मन आवाज चिकटवून दुपारी अडीचला लावून देतं. मी ब्योब्लिंगेनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो, आणि तो मी बहुतेक दिवस घरी बसूनच कमावते. त्या दिवशी उशिरा जेवायला बसले, सहज रिमोट दाबला, आणि तो कायम सर्दी झालेला इन्स्पेक्टर समोर उभा राहिला. घास हातातच राहिला.

नोव्हेंबर मला कधीच आवडला नाही. पाऊस पडतोय म्हणावं तर पडत नाही, थांबलाय म्हणावं तर कोट ओला होतो. साडेचारला अंधारून येतं. खालच्या मजल्यावरच्या आजी ओली पानं खराट्याने गोळा करून तपकिरी पेटीत भरत असतात, आणि मी दिसले की मान हलवून "या, या, नोव्हेंबर" म्हणतात, म्हणजे 'हो, हो, नोव्हेंबर'. त्यात सगळं आलं. ह्या देशात पंधरा नोव्हेंबर काढले, त्यातले चौदा एकमेकांत मिसळून गेले. कुठला कुठला ते विचाराल तर सांगता येणार नाही. तीन वर्षांपूर्वीचा तेवढा वेगळा राहिला, कारण त्या नोव्हेंबरात नाना आमच्याकडे होते.

नाना म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटेच होते. आम्ही हट्टाने त्यांना बोलावून घेतलं. व्हिसा नव्वद दिवसांचा. त्याहून जास्त ठेवून घ्यायची सोय आमच्यासाठी कायद्यात नव्हती. सुहास, म्हणजे माझा नवरा, सकाळी सहाला झिंडेलफिंगेनच्या गाड्यांच्या कारखान्यात जायचा. आमची मीरा शाळेत. घरात मी आणि नाना. मी लॅपटॉपपाशी, ते खिडकीपाशी. पहिले सहा-सात आठवडे त्यांनी समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या पाहिल्या. मग एका दुपारी टीव्ही लावला आणि त्यांना ही मालिका सापडली.

"नाना, जर्मन कळतं का तुम्हाला?" मी विचारलं.

"छे. एक अक्षर नाही."

"मग बघता काय एवढं टक लावून?"

"बघतोच आहे गं. ऐकतोय कुठे?"

भाग संपला, नावं वर सरकायला लागली, मी सवयीने रिमोटकडे हात नेला. नानांनी माझं मनगटच धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. माझ्यापेक्षा तेच जास्त दचकले. "थांब," ते म्हणाले, "पाट्या चालल्यात."

नाना पाट्यावाले होते. मुंबईच्या टीव्ही केंद्रात त्यांचं पद कागदोपत्री मोठं भारदस्त होतं, पण कुणी विचारलं तर ते "मी पाट्या लिहायचो" एवढंच सांगायचे. कॉम्प्युटर नव्हते तेव्हाची गोष्ट. काळ्या कागदाचा लांब पट्टा घ्यायचा, त्यावर पांढऱ्या पोस्टर कलरने ओळीखाली ओळ नावं लिहायची. लेखक, कलाकार, वेशभूषा, ध्वनी, प्रकाश. पट्टा रोलरला गुंडाळायचा आणि कॅमेऱ्यासमोर हँडल धरून एका चालीने फिरवायचा. हात जरा घाईत आला तर नावं वाचता येत नाहीत, जरा रेंगाळला तर बातम्यांची वेळ होते. ते हँडलही नानाच फिरवायचे. मला हे लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर, एका जर्मन दुपारी, वरणभाताचं ताट मांडीवर घेऊन पहिल्यांदा कळलं. आपण माणसांना काय काय विचारत नाही, ह्याचं मला त्या दिवशी नवल वाटलं आणि लाजही वाटली.

मग रोज अडीच वाजता आमची बैठक बसायला लागली. मालिकेत होतं काय, तर एक इन्स्पेक्टर, त्याचा गाडी चालवणारा सार्जंट, इन्स्पेक्टरची घरमालकीण, आणि प्रेताशेजारी उभं राहून सँडविच खाणारा एक डॉक्टर. खून कोणी केला ह्याच्याशी नानांना काही देणंघेणं नव्हतं. ते पडद्यामागची माणसं शोधायचे. "मेकअपवाली बदलली बघ," ते म्हणायचे. "सहाव्या भागापासून इन्स्पेक्टरची मिशी डावीकडे उचललीय." शेवटी पाट्या आल्या, की खरंच मेकअपचं नाव वेगळं असायचं. घरमालकिणीचा चहा कायम कोमट दिसायचा, त्यावरून त्यांनी तिथल्या सामानवाल्यावर राग धरला होता. "वाफ नको का दिसायला? आमच्याकडे कपात उदबत्तीचा तुकडा लपवायचे." एका वहीत ते सगळी नावं देवनागरीत उतरवून घ्यायचे. अक्षर असं, की बघत राहावं.

साडेतीनला मीरा शाळेतून यायची आणि शेवटची दहा मिनिटं आमच्यात घुसायची. ती तेव्हा आठ वर्षांची होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमधून. नानांचं मराठी, तिचं जर्मन, आणि दोघांचं छान चालायचं. कारण दोघांना एकच माणूस हवा असायचा. त्या मालिकेत एक टकला, लांब कानांचा इसम होता. एका भागात तो दारूच्या गुत्त्यावर मागे उभा, दुसऱ्यात बसची वाट बघणारा, तिसऱ्यात चक्क प्रेत. बोलायचा कधीच नाही. मीराने त्याचं नाव 'डेअर मान' ठेवलं होतं, म्हणजे नुसता 'माणूस'. तो दिसला की ती किंचाळायची, "आजोबा, डा! डेअर मान!" आणि नाना टाळी द्यायचे. पण पाट्यांमध्ये डेअर मान कधी सापडला नाही. नाना रोज वाट बघायचे. "प्रेताचं काम करणं सोपं नसतं गं," ते मला म्हणायचे. "पोट हलू द्यायचं नाही म्हणजे किती वैताग."

मग त्यांना चाळा लागला. "हा आहे का बघ गं," ते म्हणायचे. मी मोबाईलवर नाव टाकायचे. इन्स्पेक्टर गेलेला. सार्जंट गेलेला. घरमालकीण तर मालिका चालू असतानाच गेलेली, म्हणून शेवटच्या भागांत ती गावाला गेली असं दाखवलं होतं. सँडविच खाणारा डॉक्टर त्या वर्षीपर्यंत होता, कुठल्याशा वृद्धाश्रमात. नटांचं निदान कळायचं तरी. दिवे धरणारे, वायरी ओढणारे, पोशाखांना इस्त्री करणारे, ह्यांची नावं टाकली की त्याच नावाचा कुणी दंतवैद्य निघायचा. नाहीतर काहीच नाही. "म्हणजे गेले की आहेत?" नाना विचारायचे. "कळत नाही नाना." ते वहीत त्या नावापुढे काही लिहायचे नाहीत.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो भाग लागला. इन्स्पेक्टर आजारी पडून आपल्या खोलीत झोपलाय आणि भिंतीवर झाडाच्या पानांची सावली हलतेय. गोष्टीत त्या सावलीचं काही कामही नव्हतं. नाना पुढे सरकून बसले. मग उठून टीव्हीच्या पार जवळ गेले.

"बाहेर झाड नाहीये," ते म्हणाले. "डब्याच्या पत्र्याला भोकं पाडलीत आणि दिव्यापुढे कुणीतरी हलवतोय. बघ, हात दमला की सावली थांबते."

खरंच, सावली मधेच थांबली आणि पुन्हा हलायला लागली.

"आमच्या परबने हेच केलं होतं," नाना म्हणाले, आणि तिथेच गालिच्यावर बसले. त्या दिवशी पाट्या कधी आल्या आणि गेल्या ते त्यांनी पाहिलं नाही.

विठ्ठल परब त्यांच्या केंद्रात लाईटमन होता. म्हणजे दिवे उचलणारा, तापलेले दिवे फडक्याने धरून फिरवणारा. एका टेलिनाट्यात आजारी बाईची खोली होती. दिग्दर्शकाला तिथे उदास वाटायला हवं होतं आणि ते कसं ते कुणालाच सुचत नव्हतं. परब कँटीनमध्ये गेला, तुपाचा रिकामा डबा कापून घेऊन आला, पत्र्याला खिळ्याने पानांसारखी भोकं पाडली आणि दिव्यापुढे धरून उभा राहिला. पत्रा तापून हाताला फोड आले. प्रसंग असा झाला, की चित्रीकरण संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक म्हणाला, परबचं नाव पाट्यांवर घाला. लाईटमनची नावं तेव्हा पाट्यांवर येत नसत. परबने घरी सांगितलं, वस्तीत सांगितलं. वस्तीत टीव्ही एकच, एका कंपाउंडरच्या घरी.

"मी लिहिलं होतं गं नाव," नाना म्हणाले. "पण पाट्यांना चाळीस सेकंद दिलेले. फिरवून बघितलं तर सत्तेचाळीस भरले. अर्ध्या तासावर प्रक्षेपण. निर्माता म्हणाला, तीन नावं काढा. मी कात्रीने तेवढा तुकडा कापला, वरचा-खालचा कागद मागून चिकटवला, आणि जोडावर लिहिलं, 'व इतर'."

"तीन नावं कुठली काढायची, ते त्यांनी सांगितलं?"

नाना गालिच्याची एक सुटलेली दशी ओढत राहिले. 

"ते मी ठरवलं. रीतच होती आमच्याकडे. जो भांडणार नाही, त्याचं नाव काढायचं. मेकअपवाल्याचं काढलं तर तो पुढच्या खेपेला नायिकेचं भूत करून ठेवेल. ड्रायव्हर युनियनचा. परब काही बोलणार नाही, मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून परब."

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये परब त्यांच्या शेजारी येऊन बसला. हसत म्हणाला, "लेलेसाहेब, मी त्या 'इतर'मध्ये होतो ना?" नाना म्हणाले, "हो." आणि दोघांनी चहा घेतला. तीन महिन्यांनी परबने नोकरी सोडली. लग्नाच्या मंडपांना रोषणाई करून द्यायला लागला. प्रक्षेपणाच्या संध्याकाळी वस्तीतली झाडून सगळी माणसं त्याने कंपाउंडरच्या घरी बसवली होती, हे नानांना शिपायाकडून कळलं, तेही परब निघून गेल्यावर. मग भेटायला जायचं राहून गेलं. आधी लाजेने, मग कामाने, मग नुसतंच. परब वारल्याचंसुद्धा त्यांना सहा वर्षं उशिरा कळलं.

हे सगळं सांगून झाल्यावर नानांनी मूळ मुद्दा काढला. केंद्रातल्या निवृत्त मंडळींचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यावर कुणीतरी लिहिलं होतं, की परबची मुलगी म्युनिकला असते, कुठल्याशा प्रयोगशाळेत काम करते. नानांनी तिचा नंबर भारतातूनच आणला होता, पाकिटात, व्हिसाच्या कागदांच्या मागे ठेवून. मला वाटत होतं ते आमच्यासाठी आले. आमच्यासाठी आलेच होते, पण त्यांना मरायच्या आधी एकदा परबची माफी मागायची होती आणि परब नव्हता, तर त्याच्या मुलीची.

मी म्हटलं, जाऊ की. आणि पुढचे दोन शनिवार मी त्यांना नेलं नाही. आमच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन बाहेर पडत होतं, मी शनिवारीही लॅपटॉपला चिकटलेली. नाना रोज सकाळी शांतपणे विचारायचे, "ह्या शनिवारी जमेल?" त्यांनी मला काळा कागद, पांढरा पोस्टर कलर आणि एक चपटा ब्रश मात्र आणायला लावला. जेवणाच्या टेबलावर चार दिवस त्यांचं काम चाललं होतं. हात कापायचा, म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरून लिहायचे. पहिले तीन कागद त्यांनी बाद केले. चौथ्यावर दोनच ओळी उतरल्या. 'प्रकाश', आणि त्याखाली 'विठ्ठल सखाराम परब'. मी अक्षराचं कौतुक केलं तर म्हणाले, "'ठ्ठ' जरा जाड झाला." पण चेहरा खुलला होता.

तिसऱ्या शनिवारी, आधी फोन करून, आम्ही गेलो. श्टुटगार्टला गाडी बदलली. नानांनी स्वेटरवर कोट, कोटावर मफलर असा थाट केला होता आणि कागदाची सुरळी मांडीवर धरली होती. म्युनिकला थंड वारा सुटला होता, फलाटावर उतरताच त्यांची बोटं निळी पडली. यू-बाननं, म्हणजे भुयारी रेल्वेनं, जाऊन पाच मिनिटं चालल्यावर परबांच्या मुलीचं, वैशालीताईंचं घर.

त्यांनी दारातच नानांना वाकून नमस्कार केला. पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या, मोकळ्या बाई. "या काका, या! बाबांच्या केंद्रातलं कोणी आमच्याकडे पहिल्यांदाच येतंय." सफरचंदाचा केक केला होता, कॉफी होती, नानांसाठी मुद्दाम आल्याचा चहा होता. नाना खुर्चीच्या कडेवर बसले. सुरळी पायाशी टेकवली.

"तुमचे बाबा..." नानांनी सुरुवात केली.

"अरे बापरे, बाबा!" वैशालीताई हसायलाच लागल्या. "काका, तुम्हाला सांगते, बाबा टीव्हीत नोकरीला होते ह्यावर माझ्या मुलांचा विश्वासच बसत नाही. टीव्हीचा इतका राग! आमच्या घरी शेवटपर्यंत टीव्ही नव्हता. सगळ्या वस्तीत आले, झोपड्यांतसुद्धा आले, आमच्याकडे नाही. शेजारी बघायला गेलो तर हाताला धरून घरी आणायचे. आई म्हणायची, दिवे धरून धरून ह्यांचे डोळे दिपलेत. आल्झो, तर काका, आम्ही भावंडं अजून ह्यावरून हसतो. बाबांच्या श्राद्धाच्या दिवशी तिघं व्हिडिओ कॉलवर जमतो ना, की दादा पहिल्यांदा त्यांच्या आवाजात ओरडतो, 'बंद करा तो खोका!' आम्ही मरेस्तोवर हसतो."

त्या हसत होत्या आणि हसताना डोळे पुसत होत्या. वडिलांवर किती माया असेल तर माणूस असं हसतो. मी नानांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला होता. आपण नुसतं एक नाव कापलं असं इतकी वर्षं त्यांना वाटत होतं.

"काका, काय म्हणत होतात?"

"काही नाही," नाना म्हणाले. "तुझ्या बाबांचं काम फार चांगलं होतं. त्यांनी एकदा डब्याच्या पत्र्याला भोकं पाडून झाडाची सावली केली होती. भिंतीवर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या."

"बाबांनी?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. "मला वाटायचं, ते नुसत्या वायरी ओढायचे."

"नाही. कलावंत होता तो."

वैशालीताईंचं लक्ष सुरळीकडे गेलं. "हे काय आणलंत काका?"

"ते... नातीचं ड्रॉइंग आहे," नाना म्हणाले. "शाळेतलं."

"मग दाखवा ना!"

"रंग ओला आहे अजून."

त्यानंतर आम्ही तासभर बसलो. म्युनिकची भाडी, मुलांचं मराठी, गुडघे. नाना सगळ्याला हो हो करत होते. केक त्यांनी सगळा संपवला. पानात टाकायचं नाही म्हणून संपवला, एवढंच.

परत येताना स्टेशनच्या फलाटावर नाना एका कचऱ्याच्या पेटीपुढे थांबले. चार भोकांची ती पेटी, प्रत्येकाची पट्टी वेगळ्या रंगाची. "यातलं कागदाचं कुठलं गं?" त्यांनी विचारलं. आणि मी सांगितलं, "निळ्या पट्टीचं." मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण कागद कागदातच गेला पाहिजे हे इथे माझ्या अंगात इतकं भिनलंय, की प्रश्न आला आणि उत्तर तोंडातून गेलं. सुरळी भोकात मावेना. नानांनी ती उलगडली, एकदा घडी घातली, पुन्हा एक घडी घातली. वाळलेला रंग तडकला आणि पांढरी पूड त्यांच्या कोटावर पडली. ती त्यांनी झटकली आणि आम्ही गाडीत बसलो.

उल्म स्टेशन मागे पडलं. मग राहवेना. "नाना, एवढ्या लांब आलो. का नाही सांगितलंत?"

"हसत होती गं ती."

"म्हणून काय झालं?"

"मला हलकं व्हायचंय म्हणून तिच्या डोक्यावर ठेवून यायचं?" ते म्हणाले आणि काचेबाहेर बघायला लागले. बाहेर काळोख झाला होता, दिसण्यासारखं काही नव्हतं.

मला त्यांचा राग आला. खोटं कशाला बोलू. मला वाटलं, दोन वाक्यं बोलायची होती, तेवढंही धैर्य झालं नाही, आणि आता आयुष्यभर कुढत बसतील. माझ्या कामात बग सापडला की तो नोंदवायचा, दुरुस्त झाला की बंद करायचा. उघडा ठेवायचा नाही. माणसांच्या बाबतीतही मी असंच धरून चालते, आणि सुहास म्हणतो तसा हा माझा जुना आजार आहे.

उरलेले दहा दिवस नाना रोज अडीचला टीव्हीसमोर बसले. मीरा आली की तिला टाळीही द्यायचे. पण भाग संपला आणि पाट्या सुरू झाल्या, की पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचे. वही त्यांनी मला देऊन टाकली. डिसेंबरच्या सुरुवातीला विमानतळावर मी त्यांच्या पाया पडले तेव्हा म्हणाले, "मजा आली गं." पुढच्या मार्चमध्ये झोपेतच गेले. सुहास पुण्याला जाऊन आला, मला रजा मिळाली नाही. मोबाईलच्या पडद्यावर मी बाकीचं सगळं पाहिलं.

परवा तोच भाग लागला. इन्स्पेक्टर आजारी, भिंतीवर पानांची सावली. सावली मधेच थांबली आणि पुन्हा हलायला लागली. मीरा अकरा वर्षांची झालीय, तिच्या खोलीत कानात काहीतरी घालून बसली होती. मी हाक मारली तर जर्मनमधून "वास?", म्हणजे "काय?", असं ओरडली आणि आली नाही. डेअर मान तिला आठवतो की नाही, मी विचारलं नाही. भाग संपला. पाट्या सुरू झाल्या झाल्या चॅनेलवाल्यांनी चित्र लहान करून कोपऱ्यात ढकललं आणि उरलेल्या पडद्यावर पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात सुरू केली. मुंगीएवढी नावं वर सरकत होती. मी टीव्हीला नाक लावून उभी राहिले तरी एक वाचता आलं नाही, आणि मला रडू फुटलं. नाना नाहीत हे मला माहीत होतं. पण आता त्यांच्या मनातलं ते ओझं माझ्याकडे आलंय, दुसऱ्या कुणाला त्यातलं ठाऊकही नाही, आणि मी गेले की परबचं नाव दुसऱ्यांदा कापलं जाईल, हे काही मला सहन होईना.

मी वैशालीताईंना फोन लावला. नाना गेल्याचं त्यांना कळवलं होतं, त्यानंतर बोलणं नव्हतं. मी सगळं सांगितलं. चाळीस सेकंद, सत्तेचाळीस सेकंद, कात्री, कंपाउंडरच्या घरी जमलेली वस्ती, 'व इतर', कँटीनमधला चहा. आणि नाना त्या शनिवारी खरं म्हणजे कशासाठी आले होते, ते. बोलता बोलता मला हलकं वाटायला लागलं होतं. ते मला कळतही होतं.



"पेढे," वैशालीताई म्हणाल्या.

"काय?"

"मी सात वर्षांची होते. आमच्या फळीवर पेढ्यांचा मोठा पुडा होता. बाबांनी आणला होता, वाटायला म्हणून. पण उघडलाच नाही. आई हात लावू देईना. चार दिवसांनी मुंग्या लागल्या, तेव्हा आईने तो उकिरड्यावर टाकला. मी फार रडले. पेढ्यांसाठीच रडले हो, लहान होते. तर बाबांनी मला मारलं. आयुष्यात तेवढं एकदाच. का मारलं, ते मला कधी कळलं नाही. मी ते विसरूनही गेले होते."

मी सॉरी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून पुन्हा म्हटलं.

"तुम्ही हे मला का सांगितलंत?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"नानांना तुमची माफी मागायची होती. ते राहून गेलं, म्हणून..."

"काका आले होते ना माझ्याकडे. इथे समोर बसले होते. ते नाही बोलले."

मी टीव्हीचा आवाज बंद केला.

"पुढच्या महिन्यात बाबांचं श्राद्ध आहे," त्या म्हणाल्या. "दादा कॉलवर आला की आधी बाबांचा आवाज काढून ओरडेल. धाकटा हसेल. मग ते माझ्याकडे बघतील. मी काय करू तेव्हा? त्यांना सांगू, की हसू?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यांनी फोन ठेवला.